मुशीतला रविवार

मूस म्हटलं की मराठी माणसाला सोनार आठवतो. सोनं वितळवायची ती भट्टीतली वाटी म्हणजे मूस. हल्ली ती फक्त सत्कारसमारंभात भेटते. वक्ता उठतो, सत्कारमूर्ती कुठल्या संस्कारांच्या मुशीतून घडले ते सांगतो, आणि पुढच्या सत्कारापर्यंत मूस पुन्हा शब्दकोशात जाऊन पडते. त्यामुळे "येत्या रविवारी घरी मूस करायचंय," असं मी जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, भाव चढलाय हे खरं, पण मोडायला आपल्याकडे आहे काय?" मुलीला वाटलं, कॉम्प्युटरचा माऊस बिघडला. आमची ही काहीच बोलली नाही. मी 'करायचंय' म्हणतो त्यातलं तिच्या अंगावर किती येणार, एवढाच हिशेब ती वीस वर्षं मनातल्या मनात करत आली आहे, आणि तो पैशापैशानं बरोबर येतो.

तर हे मूस फ्रेंच. फ्रेंच भाषेत मूस म्हणजे फेस. बिअरच्या ग्लासावरचा फेस तोही मूस आणि दाढीच्या साबणाचा तोही मूस. स्वयंपाकघरात मात्र मूस म्हणजे ज्यात मुद्दाम हवा कोंडली आहे असा पदार्थ. लग्नाच्या बुफेमध्ये काचेच्या इवल्याशा पेल्यांतून चॉकलेटचं मूस देतात, ते आपण सर्वांनी दोन-दोन पेले खाल्लेलं असतं. मी म्हणतो ते त्याचं खारं भावंड. हॅमचं, माशाचं, नाहीतर कोंबडीच्या कलेजीचं. मांस शिजवायचं, गंधासारखं वाटायचं, त्यात लोणी आणि फेटलेलं क्रीम मिसळायचं, साच्यात घालून गार करायचं, आणि शेजारी ताजी फळं मांडून खायचं.

"शेजारी काय मांडून?" आमचे हेडकॅशियर इथपर्यंत शांतपणे ऐकत होते. ते मोजत असलेल्या नोटांच्या गड्डीवर थांबले. आणि हेडकॅशियर सहसा थांबत नाहीत.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला मात्र हा पदार्थ चटकन समजला. एखादा धंदा विकायला काढला की टेबलं-खुर्च्या, माल, येणं-देणं सगळ्याची बेरीज करूनही वर एक रक्कम उरते. तिला गुडविल म्हणतात. ती दिसत नाही, हातात धरता येत नाही, पण पैसे तिचेच जास्त पडतात. मूसमधली हवा ही तशीच. कलेजी आणि लोणी हे सगळं दिसणारं भांडवल. मोल आहे ते आत कोंडलेल्या हवेला. शिवाय घसारा जबरदस्त. आपल्याकडच्या उन्हात तासभर बाहेर ठेवलंत की सगळी गुडविल खाली बसते.

पण एवढा उपद्व्याप मी काही अकौंटन्सीच्या ओढीनं केला नाही. कारण अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय वर्षं ७९. उभी हयात एस.टी.त कंट्रोलर म्हणून गेली. रविवारी घरात मटण आणि ते साडेबाराला पानात, हे वेळापत्रक त्यांनीच लावलेलं, आणि ती गाडी कधी लेट झाल्याचं मला आठवत नाही. अप्पांचं मटण खाणं बघण्यासारखं, आणि त्याहून ऐकण्यासारखं होतं. नळीतला मगज ते ज्या आवाजात ओढून घेत, त्यावरून शेजारी घड्याळ लावत. कच्च्या पपईचा तुकडा लावला की मटण मऊ होतं हे आईला ठाऊक होतं, पण "हे असताना पपई कशाला?" असं ती म्हणायची.

गेल्या दिवाळीत अप्पांचे उरलेसुरले सहा दात गेले आणि कवळी आली. वरची बसली. खालची मात्र नव्यानं बदली होऊन आलेल्या मॅनेजरसारखी. बसते बसते म्हणेपर्यंत हलली. दातांचे डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं असंच असतं. वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो, खालचीला जिभेचे धक्के खात अरुंद हिरडीवर तोल सांभाळावा लागतो. हे ऐकल्यापासून मला खालच्या कवळीबद्दल थोडी सहानुभूतीच वाटू लागली. बँकेच्या काउंटरवर ह्यापेक्षा काय वेगळं असतं?

दोन-तीन रविवार अप्पांनी झुंज दिली. मग एका रविवारी सव्वाबाराला त्यांनी टोपी घातली. "वाचनालयात जाऊन येतो. मला आता मटणाची गोडी राहिली नाही." रिझर्व्ह बँकेनं एके सकाळी 'आम्हांला आता नोटांची गोडी राहिली नाही' असं पत्रक काढलं असतं, तरी घरात एवढी शांतता पसरली नसती.

उपाय पुष्कळ झाले. खिमा केला, तर त्याचा एकेक कण कवळीखाली जाऊन बसायचा. सूप केलं, तर अप्पा म्हणाले, "मटणानं आंघोळ केलेलं पाणी आहे हे." शेवटी आईनं शिजलेलं मटण मिक्सरमधून काढून त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत ठेवलं. अप्पांनी वाटीकडे पाहिलं, मग आमच्या ताटांकडे पाहिलं आणि विचारलं, "उष्टावण कुणाचं आहे?" त्यानंतर वाचनालय दर रविवारी.

फेब्रुवारीत त्यांचं वजन केलं, ते चार किलोंनी कमी भरलं. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. त्याच आठवड्यातल्या रविवारी मी दही आणायला बाहेर पडलो आणि वाचनालयावरून गेलो. आमचं वाचनालय रविवारी बंद असतं. दाराला कुलूप होतं. पायरीवर हातभर सावली होती, तिच्यात अंग चोरून अप्पा कालचं वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मला पाहिलं नाही. मी पलीकडच्या गल्लीतून घरी आलो. दही राहिलंच.

आता ह्यात फ्रान्स कुठून आला? तर काउंटर नंबर तीनवरून. एक गोवेकर गृहस्थ एफ.डी. रिन्यू करायला आमच्याकडे येतात. तीस वर्षं प्रवासी बोटींवर स्वयंपाकी होते. पावती करता करता मी त्यांच्याजवळ अप्पांचं बोललो. (हल्ली बँकेत आम्हांला क्लार्क म्हणत नाहीत, असोसिएट म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाइकाजवळ असं मन मोकळं करता येतं.) त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पात्रांव, दात नसलेल्या माणसाला दात नसलेल्याचं जेवण वाढायचं नाही. दातवालेसुद्धा जे दात न लावता खातात, ते वाढायचं."

मग त्यांनी बोटीवरचा बुफे सांगायला सुरुवात केली. चांदीच्या तबकात साच्यातून काढलेलं मूस, भोवती द्राक्षं आणि चिरलेली अंजिरं, आणि दागिन्यांनी मढलेल्या बायका ते चमच्याचमच्यानं खाताहेत. तिथे दात कुणाला किती, हा प्रश्नच येत नाही. आजाऱ्याचं नव्हे, लाटसाहेबांचं खाणं! माझ्या मागे रांगेत नऊ माणसं होती. त्यांतले दोघं पुढे येऊन ऐकू लागले.

ह्या विषयाचं वेदवाक्य म्हणजे एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच स्वयंपाक्याचा १९०३ सालचा ग्रंथ. आमच्या बँकेत मॅन्युअल ऑफ इन्स्ट्रक्शन्स असतं, तसं ते हॉटेलांतल्या स्वयंपाकघरांचं मॅन्युअल. त्यात मूस आणि मूसलीन असे दोन प्रकार सांगितले आहेत. पुष्कळांसाठी एकाच मोठ्या साच्यात लावतात ते मूस आणि माणशी एकेक छोटं करतात ते मूसलीन. म्हणजे जॉइंट अकौंट आणि सिंगल अकौंट! मी त्याच क्षणी ठरवलं, आपल्याकडे जॉइंट. अप्पांची वेगळी वाटी पुन्हा म्हणून होणार नाही.

गृहस्थांनी पे-इन स्लिपच्या पाठीवर कृती लिहून दिली. बँकेची स्टेशनरी खासगी कामाला वापरू नये असं सर्क्युलर आहे. परंतु ती स्लिप आधीच रद्द झालेली होती, हे ऑडिटरांच्या माहितीसाठी इथे नमूद करतो.

जाता जाता ते म्हणाले, "आमच्या सोरपोतेलात घालतात तो फीगादु. आणि फीगादुला अंजीर लागतोच, नावातच आहे." हे मला कळलं नाही म्हणून मी घरी येऊन शोधलं, आणि काय सांगू, शब्दकोशात एवढी करमणूक मला कधी सापडली नव्हती. जुने रोमन लोक जनावरांना अंजिरं चारून त्यांचं काळीज पुष्ट करत. लॅटिनमध्ये अंजीर म्हणजे फिकुस, आणि अशा अंजिरी काळजाला म्हणत 'येकुर फिकातुम'. ह्यातलं येकुर म्हणजे काळीज. पुढे लोकांनी येकुर टाकून दिलं आणि नुसतं फिकातुम ठेवलं. 'सेव्हिंग अकौंट'मधलं अकौंट सांडून गिऱ्हाईक खिडकीशी येतं आणि "माझं सेव्हिंग बघा" म्हणतं, तसंच. त्या फिकातुमचा फ्रेंचमध्ये 'फ्वा' झाला, इटालियनमध्ये 'फेगातो', स्पॅनिशमध्ये 'ईगादो' आणि पोर्तुगीजमध्ये 'फीगादु'. म्हणजे अर्धा युरोप आजही काळजाला अंजीर म्हणतो आणि त्याला पत्ता नाही. तेव्हा कलेजीशेजारी अंजीर ठेवणं ही काही पंचतारांकित फॅशन नव्हे. तो वारसाहक्क आहे, त्याला नॉमिनेशनचीसुद्धा गरज नाही.

शिवाय आपण तरी काय वेगळं करतो? कोकण-गोव्यात कोलंबीच्या आमटीत अंबाडे घालतात, नाहीतर कैरी. लोण्यानं जड झालेल्या तोंडाला काहीतरी आंबटगोड लागतंच. आपण त्याला लिंबाची फोड देतो, ते द्राक्षाचा घड देतात.

मात्र एक नियम कडक. फळ शेजारी ठेवायचं, आत घालायचं नाही. ज्या गुणानं कच्ची पपई मटण मऊ करते, तोच गुण ताज्या अननसात, किवीत आणि अंजिराच्या चिकातही असतो. ही फळं प्रथिनांचे धागे तोडतात. हॅमचं मूस पुष्कळदा जिलेटीनवर लावतात, आणि जिलेटीन म्हणजे हाडाकातड्यातलं प्रथिनच. त्यात ताजा अननस मिसळलात, तर साचा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी हाती पातळ रस्सा येतो. (डब्यातला अननस चालतो. तापवल्यामुळे त्याची ती खोड गेलेली असते.) कलेजीच्या मूसला जिलेटीन लागत नाही, गार झालेलं लोणीच ते धरून ठेवतं, पण नियम तो नियम. आमच्या सोसायटीत दोन सख्खे भाऊ समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये फार प्रेमानं राहतात. एका घरात होते तेव्हा कोर्टात होते.

मुहूर्त मार्चचा निघाला. बँकेच्या माणसानं मार्चमध्ये बारशालाही हो म्हणू नये, पण नाशिकची द्राक्षं आणि पुरंदरची अंजिरं एकाच वेळी हातगाडीवर दिसतात ती ह्याच दिवसांत, आणि अप्पांचं वजन ३१ मार्चसाठी थांबणारं नव्हतं. डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासून कलेजीला परवानगी दिली, बेतानं खा म्हणाले.

शनिवारी कोंबडीवाल्याकडे गेलो. "अर्धा किलो कलेजी."

"कलेजी-पेटा मिक्स येतं."

"पेटा नको."

"अहो साहेब, पेट्यातच तर मजा आहे!"

त्याला दात होते. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दोन्हींचे पैसे देऊन नुसती कलेजी घेतली.

कलेजी निवडणं हे व्हाउचर तपासण्यासारखं काम आहे. पित्ताचा हिरवट डाग दिसला की तेवढा भाग कापून टाकायचा. एक राहिला तरी सगळा घाणा कडू. मग तासभर दुधात भिजत ठेवायची. लोण्यावर बारीक कांदा, मग कलेजी. फ्रेंच लोक ती आतून गुलाबी ठेवतात. पण ७९ वर्षांच्या पोटासाठी असलं धाडस नको; कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापली पाहिजे असं अमेरिकी सरकारचं सांगणं आहे, ते मी रिझर्व्ह बँकेचं समजून पाळलं. त्यापुढे रेंगाळायचं मात्र नाही, नाहीतर कलेजी खडूसारखी होते. मीठ, मिरी, किंचित जायफळ. शेवटी दोन चमचे ब्रँडी. ती आमच्या घरात खोकल्यासाठी असते आणि कोणालाही खोकला नसताना कमी होते.

सव्वाशे ग्रॅम लोणी घालून मिक्सरमधून काढलं. आता ते गाळायचं होतं. मी पुरणयंत्राकडे हात नेला आणि आईच्या आवाजानं तो हवेतच राहिला.

"होळी आठवड्यावर आलीय, आणि तू त्यातून कलेजी काढणार?"

"आई, धुऊन ठेवतो."

"माझ्या सासूबाईंचं आहे ते. त्यांना काय तोंड दाखवू?"

सासूबाईंना जाऊन पस्तीस वर्षं झाली आहेत. पण मुद्दा बिनतोड होता. मी खाली जाऊन स्टीलची बारीक चाळणी घेऊन आलो, आणि तिच्या दांडीला लाल दोरा बांधून तिचं वेगळं खातं उघडून टाकलं. कलेजी तिच्यातून दोनदा गेली. पहिल्यांदा बोटाला कण लागत होते. अप्पांच्या हिरडीला बोटापेक्षा जास्त कळतं, म्हणून दुसऱ्यांदा.

खरी कसोटी क्रीमची. पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, आणि फेटून फुगायला तो तिसाच्या वर लागतो. पाकीट वाचून मी ते जागेवर ठेवलं, तेव्हा आमची ही पहिल्यांदा बोलली. "साय आहे ना." म्हशीच्या दुधाची चार दिवसांची घट्ट साय तिनं फ्रिजमधून काढली, पातेल्याखाली बर्फ ठेवला आणि फेटायला घेतली. मी पे-इन स्लिप हातात धरून सूचना देण्याच्या बेतात होतो. तिनं हात वर केला. साय हलकी होऊन रवीवर उभी राहिली होती.

"बस्स. अजून दोन मिनिटं आणि ह्याचं लोणी. दर आठवड्याला मी हेच करते. फक्त इथे थांबायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं."

तेव्हा फ्रेंच मूस आणि मराठी लोणी ह्यांच्यात अंतर आहे ते दोन मिनिटांचं. अख्ख्या महाराष्ट्रात आठवड्याला लाखो वेळा मूसची वेळ येते आणि पुढे निघून जाते.

वाटण पूर्ण गार झाल्यावर साय हलक्या हातानं त्यात मिसळली. वाटण गरम असलं की साय वितळते आणि एवढी जमवलेली हवा निघून जाते. मीठ आपल्या जिभेपेक्षा जरा चढं ठेवलं, कारण गार पदार्थाची चव मंदावते. घरातल्या सगळ्यांत मोठ्या वाडग्यात सगळं भरून वर साजूक तुपाचा पातळ थर दिला; हवा लागून रंग काळवंडू नये म्हणून फ्रेंच लोकही पातळ केलेल्या लोण्याचा असाच थर देतात. रात्रभर फ्रिजमध्ये.

रविवारी सव्वाबाराला अप्पांनी टोपी घातली.

"अप्पा, आज मटण नाहीये," मी म्हणालो.

"मग काय आहे?"

"फ्रेंच काहीतरी आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात इतका अविश्वास होता की अप्पांना थांबावंसं वाटलं. टोपी न काढता ते पाटावर टेकले, म्हणजे केव्हाही उठता येईल.

वाडग्याभोवती गरम फडकं गुंडाळून तो ताटात उपडा केला. मूस थरथरलं, पण उभं राहिलं. भोवती अंजिरांच्या चार-चार फाका आणि द्राक्षं. कडा काढलेला पाव. सगळ्यांना एकेक चमचा. जेवण सुरू झालं आणि थोड्या वेळानं मुलगी म्हणाली, "आजोबा, कुणाच्याच तोंडाचा आवाज येत नाहीये." खरंच, कोणी चावतच नव्हतं. चावायला काही नव्हतंच.

अप्पांनी पहिला घास तोंडात घेतला आणि सवयीनं जबडा हलवायची तयारी केली, तोवर तो गेला होता. त्यांनी अंजिराच्या फाकेवर थोडं मूस घेऊन दुसरा घास घेतला. आम्ही चौघंही दुसरीकडे बघत होतो.

"कलेजी आहे."

"हो."

"मिरी कमी पडलीय."

दिवाळीपासून अप्पांनी घरातल्या कुठल्याच जेवणाला नावं ठेवली नव्हती. समोर येईल ते मुकाट्यानं गिळून उठत होते. आई उठून मिरीची बाटली आणायला आत गेली आणि बाटली ओट्यावरच असताना बराच वेळ बाहेर आली नाही. अप्पांनी पुन्हा चमचा भरला, आणि टोपी काढून शेजारी ठेवली.

ह्यानंतरची हकिगत फारशी नाही. डॉक्टरांनी रविवारचा रविवार, बेतानं, असं ठरवून दिलं आहे. द्राक्षाची साल अप्पांना लागते, म्हणून नात ती सोलून देते आणि अर्धी स्वतः खाते. दुसऱ्या रविवारी सकाळी अप्पा स्वतःच मंडईत गेले, अंजीरवाल्याशी पाव तास हुज्जत घातली आणि किलोमागे वीस रुपये उतरवून आणले. खालची कवळी घरी वाटीतच राहिली होती. आता त्यांना चिंता आहे ती अंजिरांचा मोसम संपल्यावर काय, ह्याची. गोवेकर म्हणतात, पिकलेला चिकू लावून बघा. आईला कलेजीशेजारी चिकू ही कल्पना पसंत नाही. मटणाचं होईल का, असंही अप्पांनी विचारून ठेवलं आहे. तो अर्ज ३१ मार्चनंतर विचारात घेतला जाईल.